सतरा नंबरचा खिळा

मित्रांनो, मी गाड्यांच्या किल्ल्या टांगायचा एक जुना फळा आहे. सध्या मी एका भांडारखोलीत, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. कोणी मला शिक्षा म्हणून असे ठेवलेले नाही. हमालांना जिथे जागा दिसली तिथे त्यांनी मला टेकवले, एवढेच. पण खरे सांगू का, मला हेच बरे वाटते. चारचौघांत तोंड दाखवावे असे माझ्याकडून घडलेले नाही, आणि ते कसे घडले ते आज मी तुम्हाला काही न लपवता सांगणार आहे.

शहराचे रस्ते, गटारे, नळ आणि दिवे सांभाळणारे एक खाते असते. त्या खात्याच्या गाड्या जिथून सुटतात त्या वाहन विभागात माझा जन्म झाला. खात्याचा पहिला ट्रक मोडीत निघाला तेव्हा त्याच्या हौद्याच्या फळ्या सुताराने उतरवल्या, रंधा मारून एकमेकींना जोडल्या आणि त्यांवर चाळीस खिळे ठोकले. खिळे ठोकून घेताना मी फार कुरकुर केली. सुतार दोन पावले मागे सरला, एक डोळा मिटून मला पाहिले आणि म्हणाला, "खडी वाहायचे दिवस गेले रे बाबा. आता नुसतं लटकायचं!"

नुसते लटकायचे काम वाटते तितके सोपे नव्हते. एकेका खिळ्यावर एकेका गाडीची किल्ली असे. टँकर, रोलर, दिव्यांच्या खांबांसाठी शिडीची गाडी, गटार उपसायची गाडी आणि माती-खडी वाहणारे टिपर. किल्ली जागेवर असली म्हणजे गाडी तयार. खिळा रिकामा असला म्हणजे गाडी कामावर. आणि किल्लीवर पत्र्याची लाल चकती टांगलेली असली म्हणजे गाडी नादुरुस्त, तिला हात लावायचा नाही. ही चकती लावायची गाड्या दुरुस्त करणाऱ्या फिटरमामांनी आणि काढायचीही फिटरमामांनीच. लाल चकतीखालची किल्ली जो ड्रायव्हर उचलेल तो दुसऱ्या दिवसापासून घरी, असा कडक नियम होता.

पहाटे सहाला ड्रायव्हर यायचे. आल्या आल्या त्यांची थट्टामस्करी सुरू व्हायची आणि तिचे गिऱ्हाईक बहुतेक एकच असायचे. त्या ड्रायव्हरला सगळे 'सावकाश' म्हणत. सव्वीस वर्षे त्याने गाडी चालवली आणि एवढ्या वर्षांत एका खांबालासुद्धा ओरखडा काढला नाही. बाकीचे म्हणायचे, "सावकाश खडी घेऊन पोचेपर्यंत केलेला रस्ता पुन्हा उखडतो." तो नुसता हसायचा. मग माझ्यापुढे उभा राहून प्रत्येक खिळ्याला बोट लावत मोठ्याने वाचायचा, "तेरा बाहेर, चौदा तयार, पंधरा लाल..." आपली किल्ली कुठे आहे हे माहीत असले तरी सगळे वाचल्याशिवाय तो किल्ली उचलत नसे. त्याच्या त्या खरखरीत बोटाची मला सवय झाली होती.

आमच्या विभागाचा कारभार ताई पाहत. कारकून म्हणून लागल्या आणि विभागप्रमुख झाल्या. कोणता टँकर कोणत्या चढावर दम टाकतो, कोणत्या ड्रायव्हरचे कोणाशी पटत नाही, हे त्यांना तोंडपाठ होते. एकदा भर सकाळी पाण्याची मोठी वाहिनी फुटली आणि बाजाराचा अख्खा रस्ता गुडघाभर पाण्यात गेला. ताईंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि दहा मिनिटांत सात गाड्या फाटकाबाहेर काढल्या. तेव्हा खात्याचे मोठे अधिकारी म्हणाले होते, "हा फळा कधी चुकत नाही!" ते ऐकून माझ्या लाकडाच्या अंगावर मूठभर मांस चढले.

पुढे कॉम्प्युटर आला. माझ्या एका कोपऱ्यावर कोणीतरी छत्री अडकवू लागले, दुसऱ्या कोपऱ्यावर जुनी दिनदर्शिका लटकली. धूळ तर विचारूच नका. तरी ड्रायव्हर मात्र पडद्याकडे ढुंकूनही न पाहता माझ्याकडेच येत. "पडदा काहीही दाखवेल, फळा खोटं बोलत नाही," असे सावकाश नेहमी म्हणायचा. मित्रांनो, हे वाक्य आता आठवले की माझे खिळे सैल होतात.

मग वरून एक पत्र आले. तपासणी होणार होती. चाळीसपैकी निदान छत्तीस गाड्या चालू दिसल्या नाहीत तर वाहन विभाग बंद करून काम ठेकेदाराकडे द्यायचे, असे त्यात लिहिले होते. त्या दिवशी माझ्यावर नऊ लाल चकत्या होत्या. सुटे भाग महिनोन्महिने येत नव्हते, त्याला फिटरमामा तरी काय करणार? ताई त्या पत्रापुढे डोके धरून बसल्या. तीस ड्रायव्हरांची घरे त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली असतील. त्या वाईट नव्हत्या, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

तपासणीच्या दिवशी फिटरमामा सुट्या भागांसाठी मोठ्या कार्यशाळेत गेले होते. ड्रायव्हर कामांवर पांगले होते. ताई उठल्या, दार लोटले आणि माझ्यावरच्या पाच चकत्या भराभर काढून टेबलाच्या खणात टाकल्या. "दुपारपर्यंतच," त्या स्वतःशीच पुटपुटल्या. त्या पाचांत सतरा नंबरचा टिपर होता. त्याच्या ब्रेकचा दाब हळूहळू उतरत होता.

तपासणीचे साहेब आले. ते गाड्यांजवळ गेलेच नाहीत. माझ्यापुढे उभे राहून त्यांनी किल्ल्या मोजल्या, रिकामे खिळे मोजले आणि म्हणाले, "छत्तीस. वा! विभाग असावा तर असा." मित्रांनो, मी त्या वेळी धादांत खोटे बोलत होतो. मला ते कळतही होते. तरी 'वा' ऐकून मी फुगलो. या गोष्टीतली माझी सगळ्यात लाजिरवाणी घटका तीच, कारण तोपर्यंत माझ्यावर जबरदस्ती होती, पण फुगलो तो माझा मीच.

साहेब चहा घेऊन निघाले तेव्हा तीन वाजून गेले होते. ताईंनी लगेच खण उघडला. एक चकती लावली, दुसरी लावली, तिसरी, चौथी. पाचवी हातात होती तेवढ्यात फोन वाजला. वस्तीतला एक रस्ता खचला होता आणि खड्ड्याच्या काठाशी एक घर होते. ताईंनी फोन कानाला धरूनच पत्ता लिहायला घेतला. एवढ्यात दारात सावकाश दिसला. ताई म्हणाल्या, "दादा, मुरूम भरून लगेच निघा. फळ्यावर बघा, जो टिपर तयार असेल तो घ्या."

सावकाश माझ्यापुढे आला. एवढ्या घाईतही त्याने बोट लावून वाचलेच. "पंधरा बाहेर, सोळा लाल, सतरा तयार." त्याने सतराची किल्ली उचलली आणि तो गेला. ते शब्द ताईंच्या कानावर पडले होते. पण त्या घराचा पत्ता लिहून घेत होत्या आणि चकती त्यांच्या डाव्या मुठीत होती.

अर्ध्या तासाने दुसरा फोन आला. यार्डातून निघताना लागलेले ब्रेक उतारावर लागलेच नाहीत. पुढे माणसे होती. सावकाशने भरलेला टिपर रस्त्याकडेच्या भिंतीवर घातला. माणसे वाचली. त्याच्या खांद्याचे हाड मोडले. ताईंनी फोन ठेवला. त्या बराच वेळ माझ्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग त्यांचा हात आपोआप वर आल्यासारखा आला आणि रिकाम्या सतरा नंबरच्या खिळ्यावर त्यांनी ती लाल चकती अडकवली.

मला तोंड नाही, मान्य. पण माझा तो खिळा सैल होता. मी जरा अंग झटकले असते तर चकती खाली पडली असती. मी ती धरून ठेवली.

चौकशीला दोन अधिकारी आले. त्यांनी माझा फोटो काढला. फिटरमामांनी खरे तेच सांगितले, "चकती मी आठवड्यापूर्वी लावली होती साहेब, आणि मी काढली नाही." म्हणजे ड्रायव्हरने लाल चकतीखालची किल्ली उचलली, हे उघडच झाले. ताईंना विचारले तेव्हा त्या मान खाली घालून म्हणाल्या, "मी फोनवर होते." तेही खरेच होते.

पहिल्या दिवशी दवाखान्यातून सावकाश ठामपणे म्हणाला होता, "चकती नव्हती." दुसऱ्या दिवशी त्याला माझा फोटो दाखवला. तेव्हापासून तो गप्प झाला.

तीन आठवड्यांनी तो विभागात आला. हात गळ्यात बांधलेला, दाढी वाढलेली. बाकीच्या ड्रायव्हरांनी त्याला वाट करून दिली, पण कोणी थट्टा केली नाही. त्याने खिशातून एक कागद काढून ताईंपुढे ठेवला.

"उद्या चौकशीत द्यायचाय, ताई. लेकीकडून लिहून घेतला. तुमचं लिहिणं चांगलं आहे, एकदा नजर घाला. शुद्धलेखन वगैरे."

ताईंनी कागद वाचला. 'माझ्या नजरचुकीमुळे' असे त्यात तीन वेळा लिहिले होते.

"दादा, तुम्ही तर चकती नव्हती म्हणाला होतात."

"म्हणालो होतो. बोट लावून वाचलं होतं मी. अजूनही डोळे मिटले की सतरावर काही नाही, असंच दिसतं." तो माझ्याकडे वळला. "पण फळा कधी खोटं बोललाय का? मीच आंधळा झालो. लोक मेले असते, ताई. नोकरी जातेय ते बरोबरच आहे."

धरणीने पोटात घ्यावे असे मला झाले. या माणसाने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला होता. ताईंनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेर रोलर सुरू होत होता, तो जाईपर्यंत त्या थांबल्या.

"दादा, तुमचे डोळे ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "चकती नव्हतीच. तपासणीसाठी मी काढली होती. तुम्ही किल्ली घेतलीत तेव्हा ती माझ्या मुठीत होती. नंतर मी लावली."

मला वाटले, आता तो ओरडेल. ओरडायला हवे होते. पण तो खुर्चीवर बसला. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मला दिसतं?"

"दिसतं, दादा."

"ताई, माझी नात पहिलीत आहे. शाळा रस्त्याच्या पलीकडे. रोज मी पोचवायचो तिला, हात धरून. हे झाल्यापासून नाही नेलं. ती रडते, आजोबाच पाहिजे म्हणते. मी म्हटलं, ज्याला एवढी लाल चकती दिसत नाही त्याला समोरून येणारी गाडी काय दिसणार?"

ताई हुंदके देऊन रडू लागल्या. त्याने त्यांची समजूत घातली नाही. माफ केले असेही म्हणाला नाही. कागद उचलला, फाडून टोपलीत टाकला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चौकशीत ताईंनी सगळे लिहून दिले. त्यांचे पद गेले. आता त्या दुसऱ्या कुठल्याशा कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसतात असे ऐकतो. सावकाश निर्दोष ठरला, पण खांदा पूर्वीसारखा चालेना, म्हणून तो फाटकावर बसतो. मला पुरावा म्हणून भिंतीवरून उतरवले आणि चौकशी संपल्यावर इथे आणून टाकले. त्यात माझी काही तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला एरवी विनवतात की आमची धूळ पुसा, आम्हाला रंग द्या, आम्हाला फेकू नका. मी तसे काही मागत नाही. तुमच्याभोवती एखादी वस्तू असेल, एखादे माणूस असेल, ज्यावर सगळे डोळे झाकून विसंबतात. कितीही अडचण आली तरी त्याच्याकडून खोटे वदवून घेऊ नका. आणि कधी हातून घडलेच, तर त्याच दिवशी सांगून टाका. उद्यावर ढकलू नका. आम्ही एकवीस दिवस गप्प बसलो, आणि ते एकवीस दिवस एक आजोबा आपल्या नातीचा हात धरायला घाबरत होता.