फुंकरबाबांची नळी

मुलांनो, जरा कल्पना करा. हॉल खच्चून भरलाय, मागच्यांच्या टाचा वर आणि माना लांब. समोर उंच गादीवर फुंकरबाबा. हातात पितळी नळी, तिचं शेपूट शालीतून थेट गादीखाली गेलेलं. पुढ्यात मोबाइलच्या पोटात असते तशी हिरवी पट्टी, तिच्यावर मुंगीएवढी चिप, तिरकी ठेवलेली.

"चंचल जीवा, स्वस्थानी स्थिर हो!" बाबांनी नळीला ओठ लावून गाल फुगवले. शिष्यांनी जयघोषाने कान किटवले. चिप थरथरली, आपोआप सरळ झाली आणि जागेवर घट्ट बसली. कुणी बोटही लावलं नव्हतं!

"ही फुंकर निर्जीवाला हलवते, बंद कान उघडणार नाही?" बाबा गरजले. "आणा त्या आजोबांना!"

गर्दीत बसलेली छोटी भिंगरी ताडकन उठली. आजोबा तिचेच होते. नातीचं बोलणं पुन्हा ऐकू येईल या आशेने ते पुढे निघालेही. पण चिपपाशी उठलेला धुरकट वास तिच्या ओळखीचा होता. आत्याच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो रोज यायचा. आणि बाबा बोलत होते, तरी नळीसमोर शालीची झालर हलत होती!

ती आजोबांच्या आडवी उभी राहिली. "बाबा बोलतायत, मग नळीतून फुंकतंय कोण?"

"ए कार्टे, खाली बस!" एक शिष्य खेकसला.

"नाही बसणार!"

तिने दारात वाटलेलं बाबांचंच पत्रक नळीसमोर धरलं. ते फडफडलं, तपकिरी पडलं, कडेने काळं झालं. "हीच हवा आजोबांच्या कानात सोडणार होतात?"

पुढे बसलेल्या एका काकांनी गादीची कड उचलली. खाली एक पेटी घूं घूं करत होती, तिच्यावर लाल आकडा: साडेतीनशे अंश.

"अहो, हे तर हॉट-एअर सोल्डरिंग स्टेशन! गरम हवेने चिप जोडायचं यंत्र. आत्याकडेही आहे," भिंगरी म्हणाली. "चिपखाली सोल्डर असतं, मऊ धातू. तापलं की वितळतं आणि पाण्याच्या थेंबासारखं आक्रसून चिपला सरळ ओढतं. गार झालं की पकडून ठेवतं. यात बाबांचं काय? नुसते गाल!"

"ओढा ती वायर!" कुणी ओरडलं.

"थांबा काका! गरम असताना वायर ओढली तर आतली तार जळते. आधी नळी स्टँडवर ठेवायची, कापड-कागद लांब. तिथे तापणं थांबतं, पेटीतला पंखा तिला गार करतो, मगच बटण बंद. आणि खिडक्या उघडा, हा धूर छातीत जातो."

बाबा मागच्या दाराकडे सरकत होते. काकांनी दारच अडवलं.

मुलांनो, चमत्कार बघायला जरूर जा, पण प्रश्न बरोबर घेऊन जा. ज्याला तुमचा प्रश्न खपत नाही, त्याच्या हाती आपला कान देऊ नका.

हवा गार झाली तशी भिंगरीने बटण बंद केलं. मग आजोबांचा हात धरला आणि कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्याकडे निघाली.