शपथ मोडली तेव्हा

सकाळपासून शौनकने रुचिताला पाठवलेले मेसेज तसेच पडून होते. दोन टिकमार्क आले होते, पण निळे होत नव्हते. फोन लावला तर रिंग शेवटपर्यंत वाजायची आणि बंद व्हायची.

रुचिता आंबिवलीची, तो डोंबिवलीचा. ओळख झाली कल्याणला, डॉक्टरांकडे. दोघांनाही लहानपणापासून टाइप वन डायबेटिस, दोघंही अकरावीत. आया बाकावर बसून डब्यात काय देता ते एकमेकींना विचारायच्या, तेव्हा ही दोघं जिन्यात उभी राहून भलतंच बोलायची. रोज टोचा, मोजा, खा, पुन्हा टोचा. आणि एवढं करूनही साखर वाढली की घरचे विचारणार, काय खाल्लंस. हा कंटाळा कॉलेजच्या मित्रांना सांगून कळला नसता. रुचिताला सांगावाच लागत नसे.

दिवाळीनंतर ती बदलली. कॉलेज बुडवू लागली. नुसतं झोपून राहावंसं वाटतं, म्हणायची. शौनकला वाटलं, होईल बरी. मग परवा तिचा मेसेज आला: ‘इन्सुलिन बंद केलंय. बस झालं यार. कुणाला सांगू नकोस, शपथ.’

त्यावर त्याने लिहिलं होतं: ‘शपथ. मीपण कॉलेजात घेत नाही. घरी सांगतो घेतलं म्हणून.’

ते खरं होतं. दुपारचं इंजेक्शन तो कित्येक दिवस चुकवत होता आणि आईच्या तोंडावर सरळ खोटं बोलत होता. म्हणूनच आता त्याचा पाय उचलत नव्हता. रुचिताचं सांगायचं तर स्वतःचंही बाहेर येणार होतं. शिवाय ती पुन्हा कधी बोलली नसती.

त्याची आई, हेमांगी, बँकेत होती. आज शनिवारची सुट्टी म्हणून स्वयंपाकघरात पावटे सोलत बसली होती. तो दोनदा दारापर्यंत जाऊन परतला. तिसऱ्यांदा मात्र आत गेला.

“आई, रुचिता फोन उचलत नाहीये.”

झोपली असेल, असं हेमांगी वर न बघताच म्हणाली.

“तिने इन्सुलिन बंद केलंय. परवापासून.”

हेमांगीचे हात थांबले. तुला कसं कळलं, असं तिने विचारलं. तोंडी काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. पण त्याने फोनच तिच्या हातात दिला. तिने रुचिताचा मेसेज वाचला, मग त्याचा. त्याचा दोनदा वाचला. आता ओरडेल म्हणून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

“याचं आपण नंतर बोलू,” ती म्हणाली. “चप्पल घाल.”

स्कूटर काढता काढता तिने डॉक्टरांना फोन लावला. उलट्या होत असतील, श्वास जोरात चालला असेल तर घरी काही करत बसू नका, सरळ हॉस्पिटलात आणा, असं त्यांनी सांगितलं. पत्रीपुलापर्यंत ती सुसाट गेली. शहाडच्या पुलावर मात्र एक ट्रक आडवा बंद पडला होता आणि मागे गाड्या खच्चून अडकल्या होत्या. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. शौनक पुन्हा पुन्हा फोन लावत राहिला. चोहीकडून हॉर्न वाजत होते आणि त्यात हेमांगीने मान न वळवता विचारलं,

“तुलाही तसं वाटतं का रे? हे सगळं संपवावं असं?”

त्याने कानाचा फोन खाली घेतला.

“संपवावं असं नाही. पण कधीकधी वाटतं, उद्या उठलोच नाही तरी चालेल.”

एक हात मागे आणून हेमांगीने त्याचा गुडघा घट्ट धरला आणि पुढची गाडी हलेपर्यंत सोडला नाही.

रुचिताच्या दारात तिची आजी, गोदूबाई, भेटली. मुलगा-सून नातेवाइकांच्या दहाव्याला साताऱ्याकडे गेले होते. “पित्त झालंय पोरीला,” ती म्हणाली. “सकाळधरनं ओकतीया. आत्ता कुठं डोळा लागलाय.”

आतल्या खोलीत रुचिता पडली होती, पण तो झोपेचा श्वास नव्हता. खोल, भराभर, धावून आल्यासारखा चालला होता. खोलीत सडक्या फळासारखा वास होता. अंथरुणाजवळ वाकल्यावर तो रुचिताच्या तोंडालाच येतोय हे शौनकच्या लक्षात आलं. हेमांगीने तिच्या गालावर थोपटलं तेव्हा तिने कसेबसे डोळे उघडले. आधी हेमांगीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“सांगितलंस?”

“हो.”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

शेजारच्या काळुरामने रिक्षा काढली. कल्याणच्या हॉस्पिटलात रुचिताला थेट आयसीयूत नेलं. संध्याकाळ झाली असती तर कठीण होतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाहेर गोदूबाई एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की पित्त समजून मी तिला साखर घालून सरबत पाजत हुते. हेमांगी तिचा हात धरून बसली.

रुचिता धोक्याबाहेर आली. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मग दोन्ही घरच्यांना समोर बसवलं. मन खचणं हा आळस नाही आणि हट्टही नाही, या आजारात ते अनेक मुलांना होतं आणि त्यावर इलाज आहे, असं सांगितलं. दोघांचं समुपदेशन सुरू झालं, रुचिताला गोळ्याही लागल्या. शौनक दुपारचं इंजेक्शन घेऊ लागला. एखाद्या दिवशी चुकलंच तर चुकलं म्हणून सांगू लागला, आणि ते सांगणं टोचण्यापेक्षा अवघड जायचं. हेमांगीच्या तोंडून अजून ‘काय खाल्लंस’ निघायचं, मग ती जीभ चावायची.

रुचिताचा मात्र एक शब्द आला नाही. तिने आपल्याला कायमचं तोडलं, असं तो धरून चालला होता. सोसायटीत होळीची लाकडं जमू लागली तेव्हा एका दुपारी तिचा फोन आला. तो दचकून उभाच राहिला.

तिचा आवाज बारीक होता. अजून तुझा राग आहे, असं तिने आधीच सांगून टाकलं. मग विचारलं,

“त्या दिवशी तू घरात आलेलास, तेव्हा मी तो भोकाचा टी-शर्ट घातलेला ना?”

घातला होता. काखेत उसवलेला, पिवळा.

“लक्ष नव्हतं माझं,” शौनक म्हणाला.

“खोटारडा,” रुचिता म्हणाली आणि फोन न ठेवता आज कॉलेजात काय झालं ते सांगू लागली.