बरणीला ऊन

प्रयोगशाळा बंद करताना माणसं फार सभ्य होतात. केक कापतात. आसावरी काम करायची त्या टिलबर्गच्या डच कंपनीनंही कापला, आणि दुसऱ्या दिवशी तिचे जिवाणूंचे सगळे नमुने ऑटोक्लेव्हच्या वाफेत घालून मारले. नियम होता म्हणे.

एक बरणी तेवढी तिनं त्याआधीच पिशवीतून घरी आणली. चोरीच ती. आत काळी, ओली माती, चीनमधल्या एका खड्ड्याच्या तळाची. त्या खड्ड्यात ज्वारी आंबवून दारू व्हायची. खड्डा वेनच्या घरचा. वेन तिच्यासोबतच काम करायचा, नोकरी गेल्यावर गावी परतला. दारूचा वास या मातीतल्या जिवाणूंनी घडवलेला, पिढ्यान्‌पिढ्या. आता खड्डा बुजवून वर गोदाम बांधलंय. जिवंत उरलेलं ते एवढंच, बरणीभर.

मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात ती ठेवायला जागा मिळते का, हे विचारायला आसावरी गेली. जाताना सासूबाईंना, कुमुदिनीबाईंना, म्हणाली, "आई, ही बरणी जपा हं. खराब होता कामा नये."

दुपारी परतली तर बरणी लख्ख.

"काय घाण वास गं! घरात बोकड बांधल्यासारखा," कुमुदिनीबाई खुशीत होत्या. इथं ऊन पडलं की अख्खी गल्ली खुर्च्या टाकून दारात बसते. यांनी गॅलरीत माती पसरली होती. "खडखडीत वाळवली. मूठभर मीठही घातलंय, टिकेल. हुंगून बघ. गेला की नाही वास?"

आसावरीनं हुंगलं. कुंडीतल्या मातीलासुद्धा काहीतरी वास असतो. हिला नव्हता.

"आई, हवा लागली की मरतात ते."

"कोण मरतं?"

"जिवाणू. ते जगवायचे होते."

"मग तसं सांगायचं होतंस! जपा म्हणालीस, जपली." बाईंचा आवाज चिरकला. मग हळूच म्हणाल्या, "विरजण आणतो तसं कुणाकडून थोडं मागून आणलं तर?"

"कुणाकडे नाहीये, आई."

तिनं वेनला व्हिडिओ कॉल लावला, सगळं सांगितलं.

"काही बीजाणू होऊन, कवचात मिटून तग धरतील," तो म्हणाला.

"काही. त्यांचे सोबती नाही धरणार."

सुटे जिवाणू कुठल्याही संग्रहातून मागवता येतात, कुरियरनं दारात येतात. एकमेकांच्या उष्ट्यावर जगायला शिकलेला गोतावळा कोण पाठवणार? वेनला हे समजावायची गरज नव्हती.

मागून त्याचे वडील आले. काहीतरी विचारू लागले. वेन मान खाली घालून बसला. म्हाताऱ्यानं फोनच ओढून घेतला. आसावरीला ओळखून तोंडभर हसला. भाषा येत नव्हती, म्हणून नाकाकडे बोट दाखवलं, जोरात श्वास ओढला आणि भुवया उंचावल्या.

आसावरीनं मान डोलावली. येतो वास, येतो.

म्हातारा फोन तसाच हातात धरून बायकोला हाका मारत सुटला.