कारण : इतर

"रूटर एकदा बंद करून चालू केलास का?" राजेशमने दारातूनच विचारलं.

खाटेवरचा ओदेलु खदखदून हसला. "हे वाक्य तुला शिकवलं कोणी रे, बावा?"

ओदेलुनेच शिकवलं होतं. चौदा वर्षं दोघांनी मिळून कोरुटल्याच्या गल्ल्यांतून तारा ओढल्या, आधी केबल टीव्हीच्या, मग इंटरनेटच्या. नातं काही नव्हतं, तरी एकमेकांना बावा, म्हणजे मेहुणाच म्हणायचे. तीन वर्षांपूर्वी ओदेलु खांबावरून पडला आणि कमरेखालचं शरीर नुसतं सोबतीला उरलं. एजन्सीचा मालक भूपालसार हार घेऊन आला, फोटो काढून घेतला आणि जाहीर केलं, ओदेलुला जन्मभर इंटरनेट फुकट. माणसाचा कणा घेतला आणि तार दिली. वर टाळ्याही घेतल्या.

"पाणी घ्या अन्ना," ओदेलुची बायको सरव्वा म्हणाली. तिच्या मांडीवर सूप, सुपात टेंभुर्णीची पानं. बोटं विड्या वळत होती, नजर या दोघांवर. "त्या खेळापायी यांना घास गोड लागेना झालाय. बघा काय ते एकदाचं."

राजेशम बघायला लागला, पण बघायचं काय? वायफायचा भरवसा नको म्हणून गेमच्या डब्यापर्यंत सरळ वायर ओढलेली. ओदेलुने खाटेवरून सांगितलं, सरव्वाने खिळे ठोकले. वायरची दोन्ही टोकं नव्याने बसवलेली. घरातल्या फोनचं नेट बंद. भिंतीवर खडूने आकडे लिहिलेले. इथे बटण दाबलं की तिकडे खेळात पोचायला किती वेळ लागतो, त्याचे, सेकंदाच्या हजाराव्या भागांत. सकाळी चाळीस, दुपारी पंचेचाळीस, पाच वाजता नऊशे.

"रोज पाचलाच?"

"रोज. तार काय घड्याळ बघते का, बावा?"

राजेशम फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेला आणि त्याने भूपालसारला लावला. त्याच्या फोनचा आवाज फुटका, सगळ्या गल्लीला ऐकू जायचा.

"फुकटची लाइन आहे ती," भूपालसार म्हणाला. "संध्याकाळी सगळं गाव सिनेमे लावतं. तेव्हा फुकट्यांची लाइन मीच दाबून ठेवतो. तू सांग, डबा जुना झालाय. कोड घे आणि निघ."

तक्रार मिटली की गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चार आकड्यांचा कोड यायचा. गिऱ्हाइकाने तो सांगितला तरच तक्रार बंद व्हायची आणि बिघाडाच्या कारणासकट थेट हैदराबादला, बड्या कंपनीकडे जायची. एकदा गेली की भूपालसारच्या बापालाही खोडता यायची नाही.

राजेशम आत आला. "म्हणजे काय आहे, हा डबा जरा..."

"थापा मारायच्या आधी बूड टेक," ओदेलु म्हणाला. "ऐकलंय मी. आता माझं ऐक. पाचला फुटबॉलचा सामना आहे. आमच्या संघात मी चार नंबर, बचावाला. कप्तान वायझागचा. गेले तीन रविवार मी मैदानात एका जागी उभा राहून नुसते पाय हलवतोय. आज पुन्हा तसं झालं, तर ते दुसरा घेणार आहेत."

"मग त्यांना सांग ना, तुझं असं असं आहे म्हणून. ठेवतील की."

"ठेवतील. म्हणूनच सांगत नाही." ओदेलुने आपल्या मांडीवर थाप मारली, दुसऱ्याच्या मांडीवर मारावी तशी. "त्यांना ठाऊक नाही. तिथे मी पळतो."

सरव्वाची पानं कापायची कात्री थांबली.

राजेशम रूटरजवळ बसला. त्याने ओदेलुचं लॉगिन पुसलं आणि स्वतःचं टाकलं. कामगारांची लाइन कोणी दाबत नव्हतं. त्याच्या घरचं नेट तेवढ्यात बंद पडलं असणार. आकडा पस्तिसावर आला.

"कोणाच्या नावावर चालवतोयस?"

"गप खेळ. पाच वाजले."

ओदेलु पळाला. राजेशमला फुटबॉलातलं काही कळत नव्हतं, पण तो चार नंबर त्याला लगेच ओळखू आला. शिडी चढताना ओदेलु असाच खांदा पुढे काढायचा. सरव्वाने पहिल्यांदाच सूप बाजूला ठेवलं. "अगंबाई, हेच का तुम्ही?" तिने विचारलं आणि पदर तोंडाला लावला.

सामना बरोबरीत सुटला. कानावरच्या यंत्रातून कप्तान ओरडला, "चार नंबर, आज कुठून आलास रे! पुढचा रविवार पक्का ना?"

ओदेलुने राजेशमकडे पाहिलं. राजेशमने तक्रारीचा फॉर्म उघडला होता. कारणांची यादी समोर होती. ग्राहकाचं यंत्र, घरातली वायर, रूटर, इतर. त्याचं बोट 'ग्राहकाचं यंत्र' वर होतं.

"कळवतो," ओदेलु कप्तानाला म्हणाला आणि माइक बंद केला. "बावा, मी खांबावरून पडलो तेव्हाही तू असंच लिहून दिलं होतंस. खांबाला बांधायचा पट्टा दिला होता, त्याने लावला नाही."

तीन वर्षांत हे वाक्य या घरात कोणी उच्चारलं नव्हतं. बाहेर कोणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

"पट्टा एकच होता," राजेशम म्हणाला. "आणि तो माझ्या कमरेला होता."

"मला माहीत आहे. मी वरून बघत होतो."

राजेशमने 'इतर' दाबलं. खाली रिकामा चौकोन उघडला. जाड बोटांनी त्याने अक्षर अक्षर टाइप केलं. 'लाइन फुकट आहे म्हणून भूपालसार रोज पाच वाजता दाबून ठेवतात. हा माणूस कामावर पडला. त्याला पट्टा दिला नव्हता. राजेशम, लाइनमन.' फोन त्याने ओदेलुपुढे धरला.

ओदेलुने दोनदा वाचलं. "हे गेलं की तुझी नोकरी गेली. तुझं लॉगिन गेलं. म्हणजे माझा रविवारही गेला."

"मग नको पाठवू. डबा जुना, असं लिहितो. खेळत राहा. कोड तुझ्याकडे आहे."

सरव्वा नवऱ्याकडे बघत राहिली. ओदेलुने उशाखालचा मोबाइल काढला, डोळ्यांपासून लांब धरला.

"लिही. सात. शून्य. चार." तो थांबला. "चार."

फोनवर हिरवी खूण उमटली. खाली लिहून आलं, 'ग्राहक समाधानी.'

"हलकट मेले," सरव्वा म्हणाली.

सामन्यानंतर मैदान थोडा वेळ उघडं राहायचं. बाकीचे सगळे निघून गेले होते. ओदेलुने कंट्रोलर पुन्हा हातात घेतला आणि चार नंबरला पळवलं. चेंडू नाही, कोणी नाही. या टोकाच्या झेंड्यापासून त्या टोकाच्या झेंड्यापर्यंत, आणि परत.

राजेशमचा फोन वाजला. भूपालसार. त्याने वाजू दिला. पुन्हा वाजला. मग वाजायचा थांबला.

मैदानाच्या मध्यावर चार नंबर एका जागी उभा राहिला. त्याचे पाय हलत होते.