राहीबाईच्या अंगातली वाफ

मित्रांनो, मी एक जुना विंझणा, म्हणजे हातानं वारा घालायचा पंखा आहे. विजेच्या पंख्याखाली वाढलेल्या तुम्हाला माझं नावही ठाऊक नसेल. शिंदीच्या पातींनी मला विणलं, कडेला तांबडं कापड शिवलं आणि धरायला वेळूची दांडी लावली. खर्ड्याच्या बाजारातून लंकाबाईंनी मला घरी आणलं. पाहुणे आले की मला बाहेर काढत. तेव्हा माझं फार कौतुक होई.

एकाहत्तर साली त्यांच्या सुनेच्या, राहीबाईच्या छातीत गाठ निघाली. तिचं वय अडतीस. पुण्याच्या दवाखान्यात तिचा डावा स्तन काढला आणि पुढे पोटातले अंडाशयही काढले. ते का काढले, पुढे काय त्रास होईल, हे डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, भिमाजीला समजावून सांगितलं. भिमाजीनं ते घरात कुणालाच सांगितलं नाही. दसरा झाला आणि तो ऊस तोडायला कोपरगावकडे निघून गेला.

त्यानंतर ते सुरू झालं. भाकरी थापता थापता राहीबाई एकदम थांबे. छातीतून वाफ उठून कपाळापर्यंत चढे. तोंड लालबुंद होई, लुगडं घामानं भिजे आणि थोड्या वेळानं तिला हुडहुडी भरे. दिवसातून दहा-दहा वेळा ती मला ओढून घेई.

"पौषात वारा घेती! लोक काय म्हनतील?" लंकाबाई म्हणत.

राहीबाई वारा घेतच राही. गाठच परत आली आणि आतून जाळतेय, असं तिला वाटे. एकदा घरात कुणी नसताना ती माझ्याआड तोंड लपवून रडली. माझ्या पाती ओल्या झाल्या, पण मी काय करणार?

शेवटी सासूच तिला बाजारातल्या एका डॉक्टरकडे घेऊन गेली. ऑपरेशनाचं त्यानं विचारलं नाही आणि लाजेनं ह्या दोघींनी सांगितलं नाही. त्यानं गोळ्या दिल्या. पंधरा दिवसांत वाफ जवळजवळ थांबली. राहीबाई पुन्हा हसू लागली आणि मी खुंटीला गेलो. खरं सांगतो, दुर्लक्षाचं मला तेव्हा दुःख झालं नाही.

माघात पुष्पावती नर्सबाई लस टोचायला आल्या. कोनाड्यातली गोळ्यांची बाटली त्यांच्या नजरेला पडली. राहीबाईच्या ऑपरेशनाचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी पुण्याचे कागद मागून वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"राहीबाई, तुमच्या अंडाशयातला रस गाठीला खतपाणी घालतो, म्हणून ते काढले. त्यामुळे पाळी एकदम बंद झाली आणि ही वाफ त्याचीच आहे. गाठ परत आली म्हणून नाही. पण ह्या गोळ्यांत तोच रस आहे. आजपासून बंद करा आणि पुण्याला दाखवून या."

"म्हंजी पुन्यांदा जळायचं?" राहीबाईनं विचारलं.

"त्रास होईल. पण ही वाफ जीव घेत नाही."

लंकाबाई तिच्याजवळ सरकल्या. "म्याच नेलं गं तुला तिथं, पोरी."

गोळ्या थांबल्या आणि वाफ परत आली. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे राहीबाईनं चहा आणि तिखट कमी केलं. सैल सुती कपडे घातले. वाफ उठू लागली की ती सावलीत बसून मानेवर ओलं फडकं ठेवी आणि सावकाश श्वास घेई. वारा आता लंकाबाई घालत. त्रास गेला नाही, पण सोसवू लागला.

निरोप मिळताच भिमाजी आला. कागदात काय लिहिलंय ते ऐकताना तो मान वर करीना.

"तुमाला सारं ठाव हुतं?" राहीबाईनं विचारलं.

"बाईच्या दुखन्याचं कसं बोलू? लाज वाटली."

"लाज तुमाला वाटली, अन् जळले मी."

दुसऱ्या दिवशी भिमाजीच तिला पुण्याला घेऊन गेला.

तिथं तपासलं. नवी गाठ नव्हती. "पण त्या गोळ्यांनी काही केलं की नाही, आज सांगता येणार नाही. दर तीन महिन्यांनी या," डॉक्टर म्हणाले. वाफ विरळ व्हायला तीन वर्षं लागली. तोवर प्रत्येक खेपेला एस.टी.त ती मला मांडीवर घेऊन बसे आणि शेजारी भिमाजी असे. तपासायच्या खोलीत जाताना ती मला भिमाजीकडे देई. ती बाहेर येईपर्यंत तो माझी दांडी घट्ट धरून बसे.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी अंग पेटलंय म्हणाली, तर तिला हसू नका. तिला विचारा आणि डॉक्टरांना सारं काही सांगा. मला फक्त वारा घालता येतो. बोलायला तोंड तुम्हाला आहे.