गोदाच्या जागी

भातकुलीच्या जानरावानं दुसरं लग्न केलं तेव्हा नवरीचं नाव बदलायची वेळ आली, आणि या शहाण्यानं फार डोकं चालवलं नाही. पहिली बायको गोदा मानमोडीच्या साथीत तीन दिवसांत गेली होती. दुसरीचंही नाव त्यानं गोदाच ठेवलं. जिभेला वळण पडलेलं, कशाला मोडा! अकोटच्या माळ्याची जमुना अशी एका दुपारी गोदा झाली.

गळ्यात मंगळसूत्राशेजारी चांदीचा टाक आला. नखाएवढा पत्रा, त्यावर ठोकून काढलेली बाईची आकृती. ही मेलेली सवत. रोज आंघोळ झाली की आधी तिला हळदकुंकू वाहायचं, मग आपल्या कपाळाला लावायचं. जमुनेनं दोन वर्षं ते बिनबोभाट केलं. आळीतल्या बाया म्हणत, "लय गुणाची हाये व!" गुण कसले, कपाळ! तिला काही वाटतच नव्हतं. तव्याचा चटका बसला तरी ती आधी तव्याकडे बघायची, मग हात मागं घ्यायची. कोणी "गोदे" म्हटलं की उठायची. तेवढं जमत होतं.

मग जानरावाच्या स्वप्नात गोदा यायला लागली, आणि तीही पाठमोरी. हाका मारल्या तरी वळेना. अमरावतीला एका वकिलाच्या दिवाणखान्यात त्यानं भिंतीवर रंगवलेली बाई पाहिली होती, आत्ता बोलेल अशी. त्याच्या मनानं घेतलं, गोदाचं तसं चित्र काढून देवघरात बसवायचं, म्हणजे ती शांत होईल. अकोल्याहून नत्थुजी चितारी आला. म्हातारा, दमेकरी, नाटकाचे पडदे रंगवून नखांत निळा रंग कायमचा बसलेला.

"फोटू दाखवा," तो म्हणाला.

"फोटू नाई. कदी काढलाच नाई तिनं."

"मंग मी काय हवेले पाहून काढू? समोर बाई पाह्यजे. आयकीव तोंडावरून बाहुली निघते, मानूस नाई."

जानरावानं इकडंतिकडं पाहिलं. घरात बाई एकच होती.

"गोदे, बस तिथं."

पेटीतून गोदाचं हिरवं लुगडं निघालं, गोदाची नथ निघाली. कडुनिंबाच्या वाळक्या पाल्याचा वास घेत जमुना पाटावर बसली. जानराव उंबरठ्यावर बसून सांगत होता. नाक जरा सरळ, रंग उजळ, गाल भरलेले. नत्थुजी पुसत होता, परत काढत होता, मधेच खोकत होता. हात मात्र त्यानं पहिल्याच दिवशी जमुनेचे काढले आणि पुन्हा बदलले नाहीत. डाव्या अंगठ्यावरची खूणसुद्धा काढली.

"हे कायनं झालं, पोरी?"

"अकोटले मेथी कापतानी विळा लागला," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी चित्र सुकायला भिंतीला टेकवलं. जमुनेनं पाहिलं. चित्रात चेहरा तिचाच आला होता, नाव मात्र दुसरीचं. टाक निदान पदराखाली जातो. भिंतीचं काय करणार? उद्यापासून आपणच आपल्या तोंडाला मेलेलीच्या नावानं कुंकू लावायचं, हात जोडायचे, मरेस्तोवर. एकदा ते देवघरात गेलं की जमुना संपली, हे तिला स्वच्छ दिसलं. रडू येईल म्हणून ती थोडा वेळ उभी राहिली. आलं नाही. मग ती भाकरी टाकायला गेली.

गोदाच्या आईनं पाहिल्याशिवाय चित्र बसवायचं नाही असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी भर उन्हात पार्बताबाई नांदगाव पेठेहून दमणीतून उतरली ती तडक चित्रासमोर जाऊन बसली. डोळे पुसले. पाहिलं. परत पुसले.

"हे कोन हाये?"

"तुमची गोदा, मामी," जानराव म्हणाला.

"जवाई, माह्या पोरीले सातव्या वर्षी देवी आल्या होत्या. सारं तोंड वणानं भरलं होतं तिचं. त्या वणापायीच तं फोटू काढाले गेली नाई ते कदी."

"हव... होते थोडेसे."

"थोडेसे! सहा वर्सं तिच्या हातचं जेवले अन् थोडेसे?"

जानराव लबाडी करत नव्हता, हीच तर शोकांतिका. तो खरंच विसरला होता. दोन वर्षं "गोदे" म्हणायचं आणि समोर हे तोंड पाहायचं. हळूहळू त्या तोंडावर हे तोंड बसलं होतं.

"काढा, चितारीबुवा," म्हातारी म्हणाली. "मी सांगते. डाव्या डोयाखाली एक, चांगला खोल. त्याच्या बाजूले दोन. नाकाच्या शेंड्यावर एक."

नत्थुजीनं बारीक कुंचला घेतला. पार्बताबाईचं बोट हवेत फिरत होतं, लेकराचा गाल चाचपावा तसं. त्या आजारात एकेका फोडावर तिनं कडुनिंबाचा डहाळा फिरवला होता. तिला सगळे पाठ होते. जमुना दाराशी बसून पाहत होती, अंगावर अजून गोदाचं तेच हिरवं लुगडं. एकेक वण उमटत गेला तशी चित्रातली बाई तिच्यापासून लांब सरकत गेली. वीस-पंचवीस वणांनंतर ती जमुना राहिलीच नाही. कोणी परकी बाई, तोंडावर पदर ओढून वावरलेली, तीन दिवसांत मेलेली. बिचारी! दोन वर्षं जिला कुंकू वाहिलं ती आज पहिल्यांदा जमुनेला दिसली. तिनं आपल्या गालाला हात लावला. गाल गुळगुळीत होता, आणि गरम होता.

"हेच! हेच माही गोदा!" म्हातारीनं जमिनीवर डोकं टेकलं.

"हात बदलू?" नत्थुजीनं विचारलं.

"हात राहू द्या. हात या पोट्टीचे हायेत. माह्या लेकीचा संसार तेच करून राह्यले ना."

जानरावाचे डोळे भरून आले होते. लाज वाटली की पुरुष काहीतरी हुकूम सोडतो, तसा त्यानं सोडला. "गोदे, मामीले पानी आन."

जमुना उठली नाही. हट्ट नव्हता तो. हाक ज्या बाईला गेली तिच्याकडे, चित्राकडे, ती पाहत राहिली.

"गोदे!"

"गोदा भिंतीवर गेली, जवाई," पार्बताबाई म्हणाली. "हिले हिच्या नावानं हाक मारा."

जानरावानं चित्राकडे पाहिलं, आढ्याकडे पाहिलं, शेवटी तिच्याकडे पाहिलं.

"तुहं... तुहं माहेरचं नाव काय व?"

"जमुना," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. दोन वर्षांचं सगळं एकदम आलं. दमणीचे बैल मान वर करून पाहायला लागले इतकं मोठ्यानं. कोणी तिला गप्प केलं नाही. मग तिनं गोदाच्या लुगड्याच्या पदरानं तोंड पुसलं, आणि म्हातारी उन्हातून आली होती म्हणून तिच्यासाठी पाणी आणायला उठली.