कोरफडीचं पिवळं पाणी

ते पत्र शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवलेलं होतं, कारण तो खंड सहसा काढावा लागत नसे. पत्र येऊन अकरा महिने झाले होते. कानामात्रांना ते जवळजवळ पाठ होतं, पण उत्तराची एक ओळही त्यांच्या हातून उतरली नव्हती.

कानामात्रा हे त्यांचं छापखान्यातलं नाव. चाळीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली आणि दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्याही मान वर न करता. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या नावाचं एकच पुस्तक त्यांनी काढलं, आईच्या घरगुती औषधांचं. दाढेला लवंग, पोटदुखीला ओवा, खोकल्याला ज्येष्ठमध. आई स्वयंपाकघरात काम करता करता सांगायची आणि हे टेबलाशी वही घेऊन बसायचे. प्रस्तावनेत एवढंच एक वाक्य त्यांनी जरा छाती पुढे काढून लिहिलं होतं: ‘आईचा एकही शब्द मी बदललेला नाही.’

पत्र एका सुनेचं होतं.

‘सासूबाईंना पोट साफ होत नसल्याचा त्रास होता. तुमच्या पुस्तकात बघून कोरफडीचा गर दिला. पान कुंडीतलं, ताजं. कापून लगेच चमचाभर गर काढला, लिहिलंय तेवढाच. त्यांच्या पोटात मुरडा आला, जुलाब थांबेनात, चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. आता बऱ्या आहेत. पण माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाहीत. तोंडावर कोणी काही बोलत नाही. माझं काय चुकलं, तेवढं कळवा.’

पहिल्या दिवशी कानामात्रांनी पुस्तक उघडून पान ताडून पाहिलं. चमचाभर गर, कोमट पाण्यातून, सकाळी. वहीतही तेच. बाईंनी चमचा मोठा घेतला असेल, असं त्यांनी मनाला सांगितलं. मन काही ते ऐकेना. दुसऱ्या महिन्यात वाटलं, आता उशीर झाला, आधी उशिराची क्षमा मागावी लागेल. पाचव्या महिन्यात क्षमेचाच मजकूर एवढा लांबला की कागद फाडला. मग पत्र शब्दकोशात गेलं आणि पोस्टमनची चाहूल लागली की कानामात्रा आतल्या खोलीत जाऊ लागले.

धाकटी बहीण आठवडाभर राहायला आली, तेव्हा गोष्ट उघडी पडली. तीही ठरवून नाही.

‘दादा, प्रवासानं माझं पोट पार अडलंय,’ ती म्हणाली. ‘तुझी कोरफड बरी माजलीये. एक पान घेते.’

तिने पान कापलं, कापलेली बाजू खाली करून स्टीलच्या पेल्यात उभं केलं, पेला खिडकीत ठेवला आणि कपडे वाळत घालायला निघाली.

कानामात्रा पेल्याकडे बघत राहिले. पानाच्या कडेने पिवळं, चिकट काहीतरी हळूहळू उतरत होतं.

‘अगं, हे असं उभं का केलंस?’

‘पिवळं पाणी गळायला नको का? ते पोटात गेलं तर आतडी पिळवटून निघतात. गळलं की पान धुवायचं, साल काढायची, मगच गर.’ तिने बादली खाली ठेवली. ‘असा काय बघतोयस? आई रोज करायची की.’

‘मला कधी सांगितलं नाही.’

‘सांगायचं काय त्यात? आमटीत पाणी घालायचं हे कोणी सांगतं का? तुझ्यासमोरच पेला असायचा. तुझं डोकं वहीत.’ ती हसली. ‘आई म्हणायची, हा मुलगा माझं बोलणं लिहितोय की वहीत तोंड लपवतोय?’

कानामात्रा हसले नाहीत. खुर्चीचा हात धरून ते उठले, दुसरा खंड काढला आणि पत्र बहिणीच्या हातात दिलं. तिने उभ्यानेच वाचलं, मग तारीख पाहिली.

‘अकरा महिने?’

‘आधी कळत नव्हतं काय लिहावं. आणि आता कुठल्या तोंडानं लिहू?’

‘तुझं तोंड राहू दे बाजूला. त्या घरात अकरा महिने रोज तिच्या हातचं पाणी ओतून दिलं जातंय, दादा.’

त्या दुपारी त्यांनी पहिला खर्डा केला. चार पानं झाली. आपला स्वभाव, डोळ्यांचं ऑपरेशन, आईची आठवण, चुकांविषयीची आयुष्यभराची धास्ती. बहिणीने वाचून तो टेबलावर पालथा घातला.

‘यात तूच तू आहेस. ती बिचारी चौथ्या पानावर येते, तीही शेवटी शेवटी.’

दुसरा खर्डा सात ओळींचा झाला. तो तिला पसंत पडला, पण ती पत्ता पाहून थांबली.

‘सुनेला काय सांगतोस? आपण वाईट केलं नाही हे तिला ठाऊकच आहे. तिनं वाचून दाखवलं तर म्हातारी म्हणेल, हे तूच कोणाकडून तरी लिहून आणलंस. सासूला लिही.’

‘ओळख ना पाळख, त्या बाईंना मी...’

‘ओळख नव्हती तेव्हा औषध दिलंसच ना?’

कानामात्रांनी आधी प्रकाशकाला फोन लावला. उरलेल्या प्रतींची विक्री थांबवायला सांगितलं. तिकडून आवाज आला, ‘अहो, दुसऱ्या कोणाचीच तक्रार नाही.’ ‘इतरांनी लिहिलं नसेल,’ ते म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर आपण एवढं बोललो याचीच त्यांना धडकी भरली.

मग त्यांनी स्वतःच्या प्रतीतलं कोरफडीचं पान ब्लेडने कापून काढलं. पुस्तकाचं पान कापायची त्यांची ही पहिलीच वेळ. समासात लाल शाईने, छापखान्यात करायचे तशी खूण करून, गाळलेला मजकूर भरला: ‘पान कापून, कापलेली बाजू खाली करून उभं ठेवावं. पिवळं पाणी पूर्ण गळू द्यावं. पान धुऊन, साल काढून मगच गर घ्यावा. वयस्कर किंवा आजारी माणसाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये.’ खाली सही केली, तारीख घातली.

सासूबाईंचं नाव पत्रात एकदाच आलं होतं. ते त्यांनी दोनदा ताडून पाकिटावर लिहिलं. आतल्या कागदावर होतं: ‘तुमच्या सुनेनं पुस्तकात होतं तेच केलं. जे व्हायला हवं होतं ते पुस्तकात नव्हतं. आई ते माझ्यासमोर करत होती आणि मी पाहिलं नाही. तुम्ही चार दिवस सोसलंत ते माझ्यामुळे, आणि ती अकरा महिने सोसते आहे तेही. सोबत पुस्तकाचं पान जोडलं आहे.’

सुनेसाठी वेगळं पाकीट केलं. त्यात उत्तर तिने मागितलं होतं तेवढंच: ‘तुमचं काहीही चुकलं नाही. सासूबाईंनाही लिहिलं आहे. उशिराला माझ्याकडे कारण नाही.’

‘मी टाकून येऊ का पेटीत?’ बहिणीने विचारलं.

‘नको. माझ्याच्यानं होईल.’

कोपऱ्यावरच्या पेटीपाशी त्यांनी दोन्ही पत्ते पुन्हा वाचले, सवयीने, अक्षर न् अक्षर. त्या घरात पत्र कोण उघडेल, उघडेल तरी का, पाण्याचा पेला कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाईल, यातलं काहीच त्यांना इथून दिसणार नव्हतं. मागे एक बाई हातात पाकीट घेऊन ताटकळत होती.

‘आजोबा, टाकताय ना?’

त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

‘हो,’ ते म्हणाले, आणि आधी सासूबाईंचं, मग सुनेचं पाकीट आत सोडलं.